हलकं, तरीही दाट कोलस्लॉ

कोलस्लॉ हलकं करायचं म्हटलं की आपण आधी मेयोनेज कमी करतो. मग वाडग्याच्या तळाशी पांढरट पाणी साचतं, चव फिकी पडते आणि पुन्हा मेयोनेजची बाटली हातात येते. दाटपणा मोडतो तो कोबीमुळे. त्यात सुमारे 92 टक्के पाणी असतं आणि ड्रेसिंगमधलं मीठ, साखर ते बाहेर ओढून घेतात. म्हणून आधी कोबीचं पाणी काढायचं.

अर्धा किलो कोबीचा दांडा काढून सुरीने बारीक, लांब चिरा. किसू नका, किसलेला कोबी लगदा होतो. गाजर मात्र जाड किसलं तरी चालतं. कोबीला एक छोटा चमचा मीठ चोळून चाळणीत अर्धा-पाऊण तास ठेवा, मग मूठ-मूठ घेऊन घट्ट पिळा. निघालेलं पाणी पाहिलंत की ड्रेसिंग पातळ का होत होतं ते कळेल. पिळलेला कोबी चाखून पाहा. खारट वाटला तर पाण्यातून काढून पुन्हा पिळा. कोबी थोडा मऊ पडतो, पण त्याचा करकरीतपणा जात नाही.

आता ड्रेसिंग. अमेरिकेत तळलेल्या चिकनबरोबर मिळणारं क्रीमी कोलस्लॉ बहुधा मेयोनेजचंच असतं, आणि नेहमीच्या मेयोनेजमध्ये सत्तर-ऐंशी टक्के स्निग्धांश असतो. तेलाचे सूक्ष्म थेंब अंड्याच्या बलकाने धरून ठेवलेले. त्याच्या जागी आपला श्रीखंडाचा चक्का उत्तम. दही ताजं, गोडसर हवं; फडक्यात बांधून तीन-चार तास फ्रिजमध्ये टांगा. पाऊण वाटी चक्क्याला दोन मोठे चमचे मेयोनेज घ्या. तेवढं ठेवाच, असं माझं ठाम मत आहे. त्यातलं तेल जिभेवर पसरून दह्याचा आंबटपणा सौम्य करतं. नुसत्या चक्क्याची कोशिंबीरच होते.

त्यात एक छोटा चमचा मोहरीची पेस्ट, तेवढीच साखर, दोन छोटे चमचे व्हिनेगर आणि ताजी मिरपूड घालून फेटा. मीठ घालू नका, कोबीत पुरेसं आहे. निम्मं ड्रेसिंग आधी कोबी-गाजरात कालवा, लागेल तसं वाढवा. कोबी पिळलेला असल्याने बहुतेक वेळा सगळं लागत नाही.

कालवल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे मोहरी आणि व्हिनेगर मुरतात. उरलेलं दुसऱ्या दिवशीही चांगलं लागतं. बाहेर मात्र ठेवू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.