लिहिण्यापुरता लॅपटॉप

गोदरेज कंपनीने टाइपरायटर बनवणं २००९ मध्ये थांबवलं. त्याच्याच आगेमागे, दहा-पंधरा हजारांत लॅपटॉप मिळेल अशी भाषा आपल्याकडे पहिल्यांदा ऐकू येऊ लागली. सिल्वासात ज्यांचं लिहिण्यावर काही ना काही अवलंबून होतं, त्या सगळ्यांनी तेव्हा कान टवकारले. मराठी शाळेतले शिक्षक, वकिलांकडचे कारकून, वापी-सिल्वासाच्या बातम्या पाठवणारे वार्ताहर, मसाट-रखोलीच्या कारखान्यात पाळी करून रात्री दिवाळी अंकासाठी कथा लिहिणारे. मी त्यांच्यातलाच एक. लॅपटॉप कोणता घ्यावा हे आमच्याकडे एकमेकांना विचारूनच ठरतं, त्यामुळे इतक्या वर्षांत स्वतःच्या यंत्रांबरोबर ओळखीपाळखीच्यांची यंत्रंही जवळून पाहायला मिळाली.

मागे वळून पाहताना एक गोष्ट ठळक दिसते. ‘स्वस्त’ म्हणून जी यंत्रं वाजतगाजत आली, त्यांतलं जवळजवळ एकही लिहिणाऱ्याच्या टेबलावर टिकलं नाही. टिकली ती कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेली जुनी यंत्रं.

पण यंत्राच्या आधी लिपीचं सांगायला हवं, कारण मराठीत लिहिणाऱ्याचा खर्च तिथूनच सुरू व्हायचा. २००० च्या आसपास संगणकावर मराठी म्हणजे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, नाहीतर आकृती, नाहीतर सी-डॅकचं आयएसएम. हे सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागे, आणि त्याच्याबरोबर पुष्कळदा डोंगल येई. प्रिंटरच्या पोर्टात तो लावला तरच मराठी उमटायची. तेव्हा लॅपटॉप पाहायला गेलं की पहिला प्रश्न किमतीचा नसे, मागे प्रिंटरचं ते रुंद पोर्ट आहे का, हा असे. त्यातून एका फाँटातला मजकूर दुसऱ्या फाँटाच्या संगणकावर उघडला की चिन्हांचा नुसता गिचमिड काला. लेखकाकडे एक सॉफ्टवेअर आणि छापखान्यात दुसरं असलं, तर सगळा लेख पुन्हा टाइप करण्यावाचून गत्यंतर नसे.

युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतपद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती आणि विंडोज २००० पासून ती विंडोजमध्येही आली. तरी एक्सपी असलेल्या संगणकावर ती चालू करायची तर सेटिंगमध्ये जाऊन मूळ सीडीवरून फायली चढवाव्या लागत, आणि ती सीडी बहुतेकांकडे नसे. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. हळूहळू हे सगळं सुरळीत झालं. आज कुठलाही लॅपटॉप उघडला की त्यात मराठी फुकट असते. माझ्या मते मराठी लिहिणाऱ्याला गेल्या पंचवीस वर्षांत झालेली सगळ्यांत मोठी बचत ही आहे. कुठल्याही कंपनीच्या सवलतीने एवढे पैसे वाचले नसतील.

सिल्वासासारख्या गावात तर युनिकोडबरोबर सर्रास मिळू लागलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकाचं मोल फार मोठं. दादरा नगर हवेलीत एकाच घरात चार-पाच भाषा नांदतात. सरकारी अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत, दुकानाचा व्यवहार गुजरातीत, घरचं लिखाण मराठीत, आणि खेड्यापाड्यांत वारली बोली. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना तीच जागा. मराठीचा ‘त’ जिथे, तिथेच गुजरातीचा. एकदा हात बसला की भाषा बदलायला दोन कळा पुरतात. पुण्यातल्या लेखकाला याची गरज क्वचित पडेल. इथल्या टायपिंग-झेरॉक्सवाल्याला मात्र ती दिवसातून कितीतरी वेळा पडते. म्हणून नव्याने लॅपटॉप घेणाऱ्याला मी आधी पंधरा दिवस इनस्क्रिप्ट शिकायला सांगतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या सोयी वाईट नाहीत, पण जोडाक्षरांशी आणि ‘ऱ्या’शी त्यांची झटापट चालते, आणि लांब लिखाणात ती दमवते.

आता स्वस्त यंत्रांकडे. शंभर डॉलरच्या लॅपटॉपची, म्हणजे ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ची कल्पना अमेरिकेत एमआयटीच्या निकोलस निग्रोपोंटे यांनी मांडली. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती नाकारली. तरीही २००७ च्या अखेरीस आपल्या रायगड जिल्ह्यात, खैरात गावच्या एकशिक्षकी शाळेतल्या बावीसेक मुलांच्या हातात ती हिरवी-पांढरी यंत्रं आली. भारतातला तो पहिला प्रयोग. यंत्राची किंमत शंभर डॉलरपर्यंत कधीच उतरली नाही, दोनशेच्या घरात राहिली. पण त्याच्या घडणीबद्दल मला आजही आदर आहे. साडेसात इंची पडदा भर उन्हात वाचता येई. कळफलक रबराचा आणि बंद होता, म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरायला जागा नाही. बिघडलं तर साध्या पेचकसाने उघडता यावं, असा विचार सुरुवातीपासून केलेला. आमच्याकडे जून ते सप्टेंबर दमणगंगेच्या खोऱ्यात पाऊस असा लागतो की कपाटातली पुस्तकं बुरसतात. त्या दमट हवेत चालेल असं यंत्र हवं, हे त्या मंडळींना कळलं होतं. कळा मात्र मुलांच्या बोटांच्या मापाच्या होत्या. मोठ्या माणसाला त्यावर पानभर लिहिणंही जड गेलं असतं.

या यंत्राने बाजाराला धक्का मात्र दिला. त्याच वर्षी असूसचा ईई पीसी आला. सात इंची पडदा, ४ जीबीची साठवण, लिनक्स, वजन किलोच्याही आत. २००८ च्या सुरुवातीला एचसीएलने चौदा हजारांच्या आत मायलीप आणला. नेटबुक हा शब्द तोंडी बसला. लिहिणाऱ्याला वाटलं, हेच आपलं यंत्र. प्रवासात पिशवीत मावेल, वापी स्टेशनवर गाडीची वाट बघताना चार ओळी होतील.

अडचण पडद्याची होती, आणि ती देवनागरीत जास्त जाणवते. इंग्रजी अक्षर आडव्या पट्टीत बसतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, अनुस्वार लागतो आणि खाली उकार. पडदा बुटका आणि ठिपके कमी असले की ओळी थोड्या मावतात, आणि अनुस्वार आहे की नाही हे डोळे बारीक करून बघावं लागतं. मुद्रितशोधन करणाऱ्याचे तर त्यात हालच. लॅपटॉपच्या जाहिरातीत प्रोसेसरचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. लिहिणाऱ्याने आधी पडदा पाहावा आणि मग कळा दाबून पाहाव्यात, हे मी तेव्हापासून सांगत आलो आहे.

२०११ च्या ऑक्टोबरात आकाश टॅब्लेट आला, पुढच्या वर्षी त्याची दुसरी आवृत्ती. चर्चा खूप झाली, पण काचेवर बोट फिरवून लेख लिहिला जात नाही, त्यामुळे तो आमच्या विषयातून लवकरच बाजूला गेला. मग २०१५ मध्ये १२,९९९ रुपयांची क्रोमबुकं आली, २०१६ मध्ये मुंबईच्या आयबॉलचं ९,९९९ रुपयांचं कॉम्पबुक. या दुसऱ्या लाटेची कथा थोडी वेगळी. पडदा साडेअकरा इंचांच्या आसपास, कळा पूर्ण मापाच्या, कॉम्पबुकात तर विंडोज १० आतच. लिहायला पुरेसं वाटावं असं सगळं. पण या किमतीच्या विंडोज यंत्रांत २ जीबी मेमरी आणि ३२ जीबी साठवण असायची, आणि दोन्ही मदरबोर्डवरच पक्की डाखलेली. नंतर वाढवायची सोय नाही. विंडोजची मोठी अपडेट आली की ३२ जीबीत तिला जागा पुरत नसे. यंत्राचं काही बिघडलेलं नसताना ते निकामी ठरायचं. कमी पैशांत आयुष्यही कमी मिळतं, हे ग्राहकाला दुकानात कुणी सांगत नव्हतं, याचा मला राग येतो. दहा हजार रुपये इथल्या कामगाराच्या घरात लहान रक्कम नाही.

दरम्यान दुसरीकडे एक चांगली गोष्ट घडत होती. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांना दिलेले लॅपटॉप तीन ते पाच वर्षांनी बदलतात. ती जुनी यंत्रं, म्हणजे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ढिगाने येऊ लागली. वापीहून फ्लाइंग राणीने मुंबई सेंट्रलला उतरलं की ती बाजारपेठ चालत गाठता येते. यंत्रं जाड आणि वजनदार, दिसायला रुक्ष. पण नवी असताना त्यांची किंमत स्वस्त नव्या लॅपटॉपच्या कितीतरी पट असते, आणि ते पैसे कळफलकात, बिजागऱ्यांत आणि चौकटीत गेलेले असतात. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत मेमरी आणि डिस्क बदलता येते. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली की सात-आठ वर्षांचं यंत्र लिहिण्यासाठी नव्यासारखं चालतं. २०२० च्या टाळेबंदीत शाळा आणि ऑफिसं घरी आली, तेव्हा नवे लॅपटॉप मिळेनात. माझ्या ओळखीतल्या शिक्षकांनी बहुतेक करून अशाच यंत्रांवर निभावलं.

जुनं यंत्र घेताना पाहायच्या गोष्टी थोड्याच, पण त्या दुकानात उभं राहूनच पाहायला हव्यात. प्रत्येक कळ दाबावी. बिजागरी सैल आहे का बघावं. यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं आणि आधीच्या कंपनीचं कुलूप, म्हणजे बायोसचा पासवर्ड, शिल्लक नाही ना याची खात्री करावी, कारण तो राहिला तर पुढे काहीच हलत नाही. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’चा बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी शेजारी दिसते. निम्म्याखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वळती करून घ्यावी. सिल्वासात वीज सहसा जात नाही, त्यामुळे थकलेली बॅटरी इथे खपून जाते. जव्हार-मोखाड्याकडे राहणाऱ्याने मात्र या बाबतीत तडजोड करू नये.

२०२३ च्या जुलैत १६,४९९ रुपयांना नवं जिओबुक आलं. वजन किलोच्या आत, सिमकार्डाची सोय. ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण पाहिली की आधीच्या लाटेची आठवण होते. ज्याला फक्त ऑनलाइन लिहायचं आणि मेल पाठवायचं आहे, त्याला ते चालेल. पुस्तकाची हस्तलिखितं, जुन्या फाँटांतल्या फायली आणि छापखान्याला द्यायची पीडीएफ ज्याला हाताळायची आहे, त्याला मी ते सुचवणार नाही.

सध्या प्रश्न पुन्हा अवघड झाला आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. परिणामी सातव्या पिढीपर्यंतची धडधाकट यंत्रं बाजारात कवडीमोल झाली. त्यातच एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवली आणि २०२५ अखेरीस मेमरीचे भाव चढले. नव्या लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहेच, आणि घरी बसून लिहिणाऱ्याला त्याचा परतावा कुठून मिळणार?

त्यामुळे आज कुणी विचारलं तर मी दोन वाटा सांगतो. हाताशी पंधरा-वीस हजार असतील आणि ऑफिसच्या फायलींसाठी विंडोज लागत असेल, तर आठव्या पिढीचं, ८ जीबी मेमरीचं, चौदा इंची पूर्ण एचडी पडद्याचं जुनं व्यावसायिक यंत्र. त्याहून कमी पैसे असतील आणि काम निव्वळ लिहिण्याचं असेल, तर विंडोज ११ ने नाकारलेलंच यंत्र घ्यावं आणि त्यावर लिनक्स चढवावं. लिब्रेऑफिस फुकट आहे, त्यात युनिकोड मराठी नीट चालते आणि इनस्क्रिप्ट लिनक्समध्ये असतोच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखे सुबक देवनागरी फाँटही फुकट उतरवून घेता येतात. उरलेल्या पैशांतून एक बाहेरची डिस्क घ्यावी, लिहिलेलं दर आठवड्याला तिच्यावर उतरवावं, आणि पावसाळ्याचे चार महिने ती सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.