पुरंदर, वज्रगड आणि मधली भैरवखिंड

पुण्यातील खराडीहून दक्षिणेस सरळ रेषा ओढली, तर मुळा-मुठा ओलांडून व दिवे घाटाची रांग मागे टाकून ती सुमारे ३० किलोमीटरांवर, कऱ्हेच्या खोऱ्यावर पहारा करीत उभ्या असलेल्या पुरंदर व वज्रगड या जोडकिल्ल्यांपाशी पोहोचते. या किल्ल्यांचे दैव त्यांच्या धन्यांनी जितके घडविले, तितकेच त्यांच्यामधल्या भैरवखिंडीने घडविले, असे माझे मत आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे जे थरावर थर पसरले, त्यांतील घट्ट काळा पाषाण पर्जन्याला सहसा दाद देत नाही आणि त्याचे उभे कडे होतात. दोन कठीण थरांमध्ये सापडलेला सच्छिद्र, मऊ थर मात्र झिजत जाऊन रुंद पायरी मागे ठेवतो. कड्यावर बालेकिल्ला आणि पायरीवर माची, ही सह्याद्रीतील दुर्गरचना अशी आयतीच मिळालेली असून, बहामनी, निजामशाही व आदिलशाही अमदानींनी तटबंदीवर जो खजिना रिता केला, त्याच्या कितीतरी पट काम निसर्गाने विनामोबदला करून ठेवले होते. पण त्याच झिजेने मध्ये भैरवखिंड कोरून एका डोंगराची दोन शिखरेही केली, आणि वज्रगड थोडा बुटका असला, तरी पुरंदरच्या माचीवर तोफेचा मारा करण्याइतका जवळ राहिला.

मोगल सेनानी मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांनी १६६५ मध्ये नेमके हेच हेरले. त्या काळच्या तोफेचा गोळा हवेच्या विरोधामुळे लवकर मंदावे, म्हणून अवजड तोफा लक्ष्याच्या निकट नेणे भाग होते. अब्दुल्लाखान नावाची एकच तोफ डोंगरावर चढवून गाड्यावर बसविण्यास तीन दिवस लागले. नैसर्गिक कड्याला गोळ्याने फारसे काही होत नाही. ढासळतो तो माणसाने रचलेला बुरूज. वज्रगडाचा बुरूज ढासळला, १४ एप्रिलला गड पडला, मोगली तोफा त्यावर चढल्या, आणि पुरंदरचे किल्लेदार मुरारबाजी देशपांडे यांच्या अतुल पराक्रमानंतरही जूनमध्ये मराठ्यांना तहान्वये २३ किल्ले द्यावे लागले.

हा धडा पुढे कोणी मनावर घेतला, असे दिसत नाही. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांपुढे वज्रगड आधी शरण गेला, आणि त्याच्या माऱ्याखाली आलेल्या पुरंदरच्या किल्लेदाराने लागलीच अटी मान्य केल्या.