टी-शर्टचा खर्च कुठे ठरतो?

लेखमाला : सुतावरून, भाग ५

गेल्या भागात कापसाचे सूत झाले. आता त्या सुताचा टी-शर्ट होणार, आणि इथे एक जुना समज आड येतो: रोजच्या वापराचा कपडा स्वस्त पडतो तो मजुरी स्वस्त असते म्हणून. हा समज सर्वस्वी खोटा नाही, पण त्यामुळे खर्चाचा क्रम उलटा लागतो. शिलाई यंत्राची सुई कापडाला टोचण्यापूर्वीच टी-शर्टचा बहुतेक खर्च ठरून गेलेला असतो. मजुरी हा त्यातला लहान हिस्सा. मात्र दाबला तर दबेल असे हिस्से फार थोडे असतात आणि मजुरी त्यांपैकी एक आहे, म्हणून भावाची सगळी ओढाताण अखेर तिच्यावर येऊन थांबते.

होजिअरीसाठी देशभर प्रसिद्ध असलेल्या तमिळनाडूतील तिरुपूरचा एक साधा टी-शर्ट घेऊन ढोबळ हिशेब मांडू. तयार शर्ट दीडशे ग्रॅमचा धरला, तर त्यासाठी १८० ग्रॅमच्या आसपास रंगवलेले कापड लागते. बाकीचे तीस ग्रॅम गळ्याच्या आणि बाह्यांच्या वळणांतून चिंध्या होऊन कटिंग टेबलाखाली पडतात. विणाई आणि रंगाईतली घट धरली की सूत १९५ ग्रॅमच्या घरात जाते. कोम्ब्ड सूत काढताना आखूड तंतू विंचरून बाजूला काढतात, त्यामुळे रुई अडीचशे ग्रॅमपर्यंत लागते. क्विंटलभर कापसातून जिनिंगनंतर साधारण चौतीस किलो रुई निघते, म्हणजे हा एक टी-शर्ट पाऊण किलो कापूस खातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. त्या दराने पाऊण किलोचे साठ रुपये होतात. सरकीचे पैसे वळते केले तरी केवळ रुई चाळीस-पंचेचाळीस रुपयांची बसते. त्यावर कताई, विणाई, रंगाई चढत जाते आणि कारखान्याच्या दारातल्या खर्चाचा निम्म्याहून मोठा भाग एकटे कापड घेऊन बसते. म्हणूनच दर चौरस मीटरला १८० ग्रॅमऐवजी १५० ग्रॅमचे कापड वापरायचे ठरले, की मालाचा सहावा हिस्सा एका फटक्यात वाचतो. शिवणाऱ्याने कितीही घाई केली तरी एवढी बचत व्हायची नाही. दुकानात पातळ लागणारा टी-शर्ट म्हणजे कुणीतरी कागदावर घेतलेला हाच निर्णय असतो. उलट दिशेनेही हेच दिसते. २०२२ च्या उन्हाळ्यात रुईची खंडी, म्हणजे सुमारे ३५६ किलो, लाख रुपयांवर गेली, तेव्हा तिरुपूरच्या कारखानदारांनी सूतदरवाढीविरुद्ध दोन दिवस काम बंद ठेवले. त्यांना रस्त्यावर आणले ते सुताने, मजुरीने नव्हे.

रंगाचेही तसेच. फिक्या रंगापेक्षा काळा किंवा गडद निळा महाग पडतो, कारण सुती कापडावर गडद रंग बसवायला रंग जास्त, मीठ जास्त आणि नंतरचे धुणेही जास्त. ते खारट, रंगीत पाणी कुठे जाते, हा प्रश्न पुढे येईलच.

आता शिलाई. कारखान्यात कपड्याची किंमत मिनिटांत मोजतात. साध्या टी-शर्टला खांदा, गळ्याची रिब, बाह्या, बाजू आणि खालची दुमड धरून सात-आठ मिनिटांचे काम असते. जीन्सला त्याच्या दुपटीहून जास्त. रोज पाचशे रुपये धरला, तर ४८० मिनिटांच्या पाळीत मिनिटाला रुपयाहून किंचित जास्त पडतो. आठ मिनिटांचे सव्वाआठ रुपये व्हायला हवेत, पण प्रत्यक्षात ते सोळा-सतराच्या आसपास जातात, कारण पाळीतली निम्मी मिनिटे कपडा पुढे सरकवण्यात जात नाहीत. कापड वेळेवर येत नाही, धागा बदलावा लागतो, नव्या नमुन्यावर हात बसायला दोन-तीन दिवस जातात. तीस हजार नगांच्या ऑर्डरीत हे दोन-तीन दिवस विरघळून जातात. तीनशे नगांच्या ऑर्डरीत हात बसतो तोच माल संपतो. म्हणजे शिलाईचा खर्चसुद्धा रोजापेक्षा ऑर्डरीच्या आकाराने, रंगांच्या संख्येने आणि आखणीने अधिक हलतो, आणि या तिन्ही गोष्टी यंत्रावर बसलेल्या बाईच्या हातात नसतात.

मग दबाव तिच्यावरच का? परदेशी खरेदीदार भाव आधी ठरवून येतो. सुताचा दर सूतगिरण्या जाहीर करतात, विजेचा दर वीज मंडळ, रंगरसायनांचा त्यांचे विक्रेते. यांतल्या कुणाशीही कारखानदाराला फारशी घासाघीस करता येत नाही. उरतात दोनच नरम जागा: शिवणाऱ्याची मिनिटे, आणि नदी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मजुरी एवढी लहान असेल, तर हा धंदा गेली कित्येक दशके स्वस्त मजुरीच्या मागे देशोदेशी का फिरतो? याचे उत्तर असे की खर्चाची पातळी ठरवणारी गोष्ट आणि दोन देशांतला फरक ठरवणारी गोष्ट एकच असावी लागत नाही. रुई जागतिक भावाने विकली जाते, शिलाई यंत्रे ढाक्यात काय आणि तिरुपुरात काय, साधारण त्याच किमतीची. सगळीकडे सारखे असलेले वगळले, की फरक उरतो मजुरीत आणि आयात शुल्कात. बांगलादेशाचा माल युरोपात शुल्काविना शिरतो आणि भारतीय टी-शर्टवर तिथे वर्षानुवर्षे शुल्क बसत आले, ही तफावत मजुरीइतकीच बोलकी आहे. शिवाय डिसेंबर २०२३ पासून बांगलादेशात तयार कपड्यांच्या कामगारांचे किमान वेतन ८,००० वरून १२,५०० टाका झाले, तरी खरेदीदार तिथून उठून गेले नाहीत.

दुसरा आक्षेप दुकानदाराच्या बाजूचा: कारखान्यातला एक रुपया वाढला की वाटेतला प्रत्येक जण आपला नफा टक्क्यांत लावतो, त्यामुळे ग्राहकापर्यंत तो रुपया चौपट होऊन पोहोचतो. हे मान्य करूनच हिशेब करू. शिलाईची मजुरी पंचवीस टक्क्यांनी वाढली, तर शर्टामागे चार रुपये वाढतात. चौपट धरले तर सोळा. आठशे रुपयांचा टी-शर्ट ८१६ ला मिळेल. हंगामाअखेरच्या सवलतीत याहून कितीतरी जास्त पैसे दुकान आपण होऊन सोडते.

राहता राहिली नदी. तिरुपूरच्या रंगाईचे पाणी नोय्यल नदीत जात राहिले आणि खाली ओरथुपालयमच्या धरणात साठले. शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधलेले ते धरण खालच्या शेतकऱ्यांनाच नकोसे झाले. त्या वर्षांत तिरुपूरच्या टी-शर्टच्या भावपत्रकात या नुकसानीचा रकाना नव्हता. ते धरणाखालच्या शेतांनी आणि विहिरींनी सोसले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट पाळली न गेल्यामुळे रंगाई कारखाने बंद करायला लावले. काम दुसऱ्या गावांना पाठवावे लागले, अनेकांचा रोजगार गेला. ती झळ खरी होती आणि ती पुन्हा कामगारांनाच आधी बसली. पण नंतर पाणी गाळून पुन्हा वापरणारी, मीठ परत मिळवणारी यंत्रणा उभी राहिली. तिला राज्य सरकारच्या बिनव्याजी कर्जाचा आधार मिळाला, आणि तिचा खर्च रंगाईच्या किलोमागच्या दरात चढला. तो दर आज सुताच्या दरासारखाच कारखानदाराच्या कागदावर असतो, आणि खरेदीदाराला तो धरूनच बोलावे लागते. तिरुपूर बुडाले नाही, उलट निर्यात वाढत गेली. दोन नरम जागांपैकी एक कायद्याने अशी कठीण झाली. दुसरी, शिवणाऱ्याच्या मिनिटांची, अजून नरमच आहे. किमान वेतन कोण ठरवते आणि त्याची वसुली कशी होते, हे पुढच्या भागात पाहू.