युवक संघाचं कपाट

मराठवाड्यातल्या जुन्या चर्चमध्ये मागच्या खोलीत बहुधा एक लोखंडी कपाट असतं. त्यावर पांढऱ्या रंगात ‘युवक संघ’ असं लिहिलेलं असतं. किल्ली सेक्रेटरीकडे असते आणि सेक्रेटरी नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो. कपाट उघडलंच तर आत निरनिराळ्या पिढ्यांची साधनं निघतात. पानं सुटलेली ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची प्रत, भाता फाटलेली पेटी, बायबलमधल्या गोष्टींची कापडी चित्रं, नाताळच्या नाटकातल्या मागी लोकांचे पुठ्ठ्याचे मुकुट आणि कुणीतरी देणगी दिलेला, आता दिवा गेलेला प्रोजेक्टर. तरुणांमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्ती कार्यकर्त्याच्या साधनांची निम्मी कहाणी या सामानातच आहे. माझं मत असं, की तरुणांना नुसतं दाखवण्यासाठी जी आणली ती साधनं एकेक करून बाद झाली. त्यांच्या हातात दिलेली झिजली खरी, पण कामाची राहिली.

छत्रपती संभाजीनगरात हे काम करणारा माणूस क्वचितच पगारी असतो. पाळकसाहेबांना लग्नं, मयती, घरभेटी आणि कमिटीच्या बैठकांतून सवड नसते. मग युवक संघ सांभाळते एखादी शिक्षिका, एखादी नर्स, नाहीतर वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करणारा कुणी दादा. समोरची बरीचशी मुलं जालना, बीड, अहिल्यानगरच्या खेड्यांतून शिकायला आलेली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली झालं, मिलिंद महाविद्यालय त्याच्याही आधीचं. तेव्हापासून हे शहर खेड्यातल्या पोरांना ओढून घेतंच आहे. चौघांत एक खोली, मेसचा डबा आणि रविवारी उपासनेनंतरचा तासभर. या तासात काय करायचं, हा प्रश्न नवा नाही.

या भागातल्या मराठी मंडळ्या उभ्या राहिल्या त्या १९व्या शतकाच्या उत्तरार्धात. पारशी घरातून आलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी चर्च मिशनरी सोसायटीतर्फे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काम करत होते. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून ‘बेथेल’ नावाचं गावच वसवलं. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत त्या मानाने अलीकडचा, १९७७चा. विश्वासात आलेली माणसं बहुतेक गावकुसाबाहेरची होती आणि अक्षरओळख थोड्यांनाच होती. त्यांच्यापुढे नुसतं पुस्तक ठेवून भागणार नव्हतं. जे कानाने शिकता येतं आणि तोंडाने पुढे देता येतं तेच चालणार होतं.

ते आधी सापडलं शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. १८६०च्या दशकात तिथे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. नमन, पूर्वरंग, उत्तररंग हा साचा तोच, आख्यान मात्र योसेफाचं किंवा उधळ्या पुत्राचं. कीर्तनाला शिक्षणाचं साधन म्हणून पाहिलं की त्याची घडण लक्षात येते. बुवा पुढे असतो, पण मागे टाळकरी, पेटीवाला, तबलजी आणि पद उचलून धरणारी चार पोरं लागतातच. मागे उभं राहणाऱ्या पोराला आख्यान आपोआप पाठ होतं. कुठे थांबायचं, कुठे हसवायचं, लोक कंटाळले की पद कधी घ्यायचं, हे तो वर्गात न बसता शिकतो. वर्षा-दोन वर्षांत एखादा पूर्वरंग त्याच्यावर सोपवता येतो. पुढारी तयार करण्याच्या शिबिरांत आज तीन दिवस जे फळ्यावर शिकवतात, ते इथे उभ्याउभ्या होत होतं.

दुसरं साधन म्हणजे गीतांचं पुस्तक, आणि तिथे नाव येतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१९मध्ये जाईपर्यंत इतकं लिहिलं, की मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या त्या काळच्या गीतपुस्तकात एक तृतीयांशाच्या आसपास गीतं एकट्या टिळकांची भरली. त्याआधीचं बरंचसं गायन इंग्रजी चालींवर बेतलेलं होतं. अक्षरं चालीत बसवताना ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण व्हायची, आणि ज्याच्या कानात ओवी-अभंग आहे त्याला ते गाणं पाहुण्यासारखं वाटायचं. टिळकांनी अभंग आणि भजनाची वाट धरली. गावात भजनी मंडळात बसलेल्या माणसाला ही गीतं शिकवावी लागली नाहीत, नुसती ऐकवली तरी पुरलं. अजूनही वयस्कर मंडळींना गीत क्रमांकावरून आठवतं. क्रमांक सांगा, पहिली ओळ तयार.

टिळकांचं आणखी एक साधन होतं, आणि कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत ते येत नाही: घर. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि ‘बालकवी’ होऊन बसला. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी राहिला. तो ख्रिस्ती नव्हता आणि झालाही नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त तो घरातल्या मुलासारखा वावरतो. तरुणांसाठी काम करणाऱ्याने हा भाग जरूर वाचावा. कुठल्या कार्यक्रमापेक्षा एक ताट जास्त मांडणं जमतं का, हे आधी पाहावं.

शिकवायला मराठीत काहीतरी हवं, ही निकड याहूनही जुनी आहे. १६१६ साली गोव्यात राशोल इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. त्याचं निमित्त त्यांनी काव्यातच दिलं आहे. रविवारी देवळात मुलांना धर्मशिक्षण चाललेलं असताना एक जण विचारतो, की आमची पुराणं बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं का देत नाही? उत्तर म्हणून हजारो ओव्या आल्या. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून ते रोमन लिपीत छापावं लागलं आणि देवनागरीत पुस्तकरूपाने १९५६ साली आलं, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने. आज इंग्रजी माध्यमातली पोरं मोबाइलवर मराठी गीत रोमन अक्षरांत टाइप करून घेतात आणि वडीलधारे नाकं मुरडतात. नाकं मुरडायचं कारण नाही, परंपरा चारशे वर्षांची आहे. भाषेचा अडसर मात्र खरा आहे. पवित्र शास्त्राच्या जुन्या भाषांतराशी अडखळणाऱ्या मुलाला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ द्यावं. हेच दिब्रिटो २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

दाखवण्याच्या साधनांबद्दल थोडक्यात. आधी मॅजिक लँटर्न आला, काचेवरच्या चित्रांचा. मग फ्लॅनेलग्राफ: लोकरी कापडाच्या फळ्यावर चिकटणारा दावीद आणि घसरून पडणारा गल्याथ. मग पांढरी चादर बांधून गावोगाव दाखवलेले ‘दयासागर’सारखे सिनेमे. गर्दी प्रत्येकाने जमवली. पण गर्दी सकाळी घरी गेली, आणि पुढचं यंत्र आलं तेव्हा आधीचं कपाटात गेलं. आज प्रत्येकाच्या खिशातच पडदा आहे. बायबलचं ॲप फुकट आहे, त्यात मराठी आहे, रोजच्या वाचनाची आठवणही ते करून देतं. वापरावं जरूर. पण ॲप उघडलंय की रील, हे वरून कळत नाही.

सुट्टीतली बायबल शाळा, म्हणजे आपल्याकडची डी.व्ही.बी.एस., हे आयात केलेलं साधन असूनही रुजलं. १९०१ साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट बोव्हिल यांनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी अशा शाळा भरवल्या आणि शिकवायला घेतले कॉलेजचे विद्यार्थी. मराठवाड्यात ती रुजायचं एक कारण कॅलेंडरात आहे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्यात गावी परततात, तेव्हाच मुलं सलग आठ-दहा दिवस एका जागी सापडतात. दुसरं कारण बोव्हिल यांच्या मूळ कल्पनेतच होतं. लहानांना शिकवायला बारावी झालेली ताई आणि आयटीआयचा दादा लागतो. वचन पाठ करून घेता घेता ते ताईलाही पाठ होतं. गाण्याचे हातवारे, रंगीत कागद, शेवटच्या दिवशीची मिरवणूक यांनी लहानगे खूश होतात, पण शाळा खरी भरते ती दादा-ताईंची.

कॅथलिक युवकांकडे आणखी एक पद्धत आहे, बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी कामगार पोरांसाठी रुळवलेली: पाहा, पारखा, करा. त्यांची तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ १९२५ साली औपचारिकपणे उभी राहिली. पाच-सहा जण बसतात आणि आठवड्यात डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट मांडतात. शुभवर्तमानाच्या उजेडात तिच्याकडे बघतात आणि उठण्याआधी कोण काय करणार ते ठरवतात. खर्च शून्य. वाळूजच्या कंत्राटी कामगाराला किंवा स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा अडकलेल्या मुलीला हे प्रवचनापेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण पहिलं बोलायचं असतं त्यांनीच.

असं बोलू दिलं की जे बाहेर येतं, त्यासाठीही साधनं लागतात, आणि ती भक्तीच्या पुस्तकांत नाहीत. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. त्यामुळे दलित ख्रिस्ती मुलाचा दाखला, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांचा गुंता दर जूनमध्ये युवक संघाच्या दारात येतो. अल्पसंख्याकांच्या योजनांचे अर्ज भरता येणारी एक व्यक्ती संघात असणं हे पेटीवाल्याइतकंच गरजेचं आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळूनही न कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. ‘मंडळीची बदनामी नको’ ही सबब तिथे चालत नाही. १०९८ हा बालकांसाठीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा मानसिक आधाराचा क्रमांक शिबिराच्या पत्रिकेवर छापायला शाई जास्त लागत नाही. शिबिरात मुलामुलींसोबत एकटं कोण राहील, कोण नाही, हे आधी लिहून ठेवावं. वरिष्ठ रागावतात, रागावू द्यावं.

कीर्तन मात्र हातचं सुटत चाललंय. कीबोर्ड आणि ड्रमसेट आले, त्याचं मला वाईट वाटत नाही. पोरांना वाजवायला मिळतं हे चांगलंच. अडचण तेव्हा होते, जेव्हा चौघं वाजवतात आणि बाकीचे पडद्यावरचे शब्द बघत ओठ हलवतात. देणगीदार विचारतात तेव्हा प्रोजेक्टर सुचवणं सोपं असतं, त्यावर नावाची पट्टी लावता येते. कुणी मला विचारलं तर मी सांगेन, की त्या पैशात पेटीचा भाता नवा करा, दोन ढोलक्या घ्या आणि शहरातल्या एखाद्या गायन शिक्षकाला सहा महिने रविवारी दुपारी बोलवा. तो ख्रिस्ती नसला तरी चालेल. आख्यान कुठलं घ्यायचं ते पोरांना ठरवू द्या.