पंखा बदललात? आधी वॉटमीटर लावा!

भातकापणी झाली की वाशिंदची खाचरं मोकळी होतात आणि आमची रिमोटवरची मॉडेल विमानं बाहेर निघतात. गेल्या हंगामात 10 इंची प्रॉपेलर मोडला, म्हणून हाताशी होता तो 11 इंची बसवला. मोटर तीच, बॅटरी तीच. दोन मिनिटांत ईएससीतून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटातून) जळका वास!

मग शहाणपण सुचलं. बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॉटमीटर जोडला. तीन सेलची लायपो बॅटरी फुल चार्जला 12.6 व्होल्ट, पूर्ण थ्रॉटलला घसरून 11. जुन्या मापाच्या पंख्यावर 16 अँपिअर, म्हणजे 176 वॉट. 11 इंचीवर 21च्या पुढे, आणि जळालेला ईएससी होता 20चा! पिच आणि फेरे तेच ठेवले, तर लागणारी शक्ती व्यासाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. एक इंच म्हणजे चेष्टा नाही.

मोजताना विमान घट्ट बांधा (मी खाटेच्या पायाला बांधतो), पंख्याच्या रेषेत उभे राहू नका, फुल थ्रॉटल पाच-सात सेकंदच. हवेत करंट थोडा उतरतो.

माझं विमान 900 ग्रॅमचं, म्हणजे किलोमागे 195 वॉट. लूप मारायला पुरतात.