कातळावर वाढणारी पिल्लं

बेडकाची पिल्लं पाण्यात पोहतात, असंच आपण शाळेत शिकलो. पण पावसाळ्यात रात्री आंबोलीच्या घाटात, पाणी झिरपणाऱ्या कातळावर टॉर्च मारून पाहा. शेवाळावर काळपट, चपटं काहीतरी चिकटलेलं दिसेल आणि बोट जवळ नेताच टुणकन उडी मारेल. हा इंडिराना चिरावासी बेडकाचा टॅडपोल. शेपटी लांब, सडपातळ, तरी ताकदवान. मागचे पाय लवकर फुटतात. अंडी ओल्या दगडावर घातली जातात आणि पाण्याच्या पातळ थरात शेवाळ खरवडत पिल्लू तिथेच वाढतं. सह्याद्रीतलं हे मला सर्वांत विलक्षण बालपण वाटतं.

आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि नीलेश दहाणूकर या संशोधकांनी २०१४ मध्ये ही जात आंबोलीतून नोंदवली. पुढच्याच वर्षी गोव्यातल्या नेत्रावळीतून इंडिराना सालेलकरी उजेडात आली. माथेरानची इंडिराना लेइथाय मात्र १८८८ पासून ठाऊक आहे. या बेडकांचं सगळं कुळच फक्त भारतातलं.

या पिल्लांना डबकं नको, झिरपणारा उघडा दगड हवा. म्हणून घाटातल्या ओल्या दरडीवर पाय ठेवण्याआधी खाली नीट पाहा, आणि झऱ्यात साबण तर अजिबात नको.