शिक्का कुणाचा, कारभार कुणाचा? ताराराणींची कादंबरी वाचताना



गटाच्या बैठकीत एखादी कादंबरी मोठ्याने वाचली जाते, तेव्हा राणीची गोष्ट असली की सगळ्याजणी कान देऊन ऐकतात. मग एकजण हमखास विचारते, "हे खरंच असं घडलं होतं का गं?" प्रश्न अगदी योग्य आहे. आज आपण तो महाराणी ताराराणींच्या गोष्टीला लावून बघू. त्यांच्यावर मराठीत कादंबऱ्या आहेत, आणि त्या आवडीने वाचल्या जातात.

आधी पक्कं काय, ते सांगते. ताराराणी म्हणजे सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची लेक, शिवाजी महाराजांची सून. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराज वारले. त्या वेळी ताराराणींचं वय होतं अवघं पंचवीस. मुलगा शिवाजी चार वर्षांचा. दिल्लीचा बादशहा औरंगजेब स्वतः फौज घेऊन महाराष्ट्रात ठाण मांडून बसलेला. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेत. गादी कुणाची, यावर कारभाऱ्यांतही एकमत नव्हतं. ताराराणींनी आपल्या मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला.

पुढची सात वर्षं त्या लढल्या. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड असे गड बादशहाने एकामागून एक घेतले. पण मराठे गड सहजासहजी देत नसत. महिनोन्महिने झुंजवायचं, शत्रूचा पैसा आणि दाणागोटा संपू द्यायचा, काही ठिकाणी तर रक्कम घेऊनच गड खाली करायचा. बादशहाची पाठ फिरली की गड पुन्हा घ्यायचा. त्याच काळात मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात, गुजरातेत शिरल्या. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरजवळ वारला, तेव्हा स्वराज्य उभंच होतं. मोगलांच्या बाजूने लिहिणाऱ्या खाफीखानानेही या बाईच्या हुशारीची नोंद केली आहे.

आता कादंबरीकडे येऊ. नवरा गेला त्या रात्री राणी मनाशी काय बोलली, दासीला काय म्हणाली, हे कुठल्याही कागदात नसतं. ते लेखक कल्पनेने भरतो. त्यात खोटेपणा नाही, कादंबरीचं ते कामच आहे. जात्यात दाणा इतिहासाचा असतो, दळणारा हात लेखकाचा. आपण फक्त दोन्ही ओळखायचं. तारीख, गाव, लढाई, तह हे बहुतेक वेळा इतिहासातलं असतं, आणि ते ताडून बघता येतं. मनातले विचार आणि एकांतातली बोलणी मात्र लेखकाची.

आणखी एक गोष्ट बघायची. गोष्ट कुठे थांबवली आहे? १७०७ ला थांबवली तर राणी विजयी दिसते. पण त्यानंतर शाहू महाराज सुटून आले, घरातच गादीसाठी लढाई झाली. ताराराणींनी कोल्हापूरची वेगळी गादी उभी केली. १७१४ मध्ये तिथेच सत्तापालट झाला, आणि त्यांना मुलासह कैदेत राहावं लागलं. सवत राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला. ताराराणी वारल्या १७६१ साली. म्हणजे उदयाची वर्षं सात, पण आयुष्य शहाऐंशी वर्षांचं. कुणी त्यांना देवी करतं, कुणी सत्तेची हावरी म्हणतं. पुरुषाने गादीसाठी झगडा केला तर आपण त्याला पराक्रम म्हणतो. बाईने केला तर लगेच हाव का म्हणतो? कादंबरी वाचताना हा प्रश्न लेखकालाही विचारावा आणि स्वतःलाही.

आता आपल्या दाराशी येऊ. ताराराणींच्या वेळी गादी मुलाच्या नावाची होती, निर्णय मात्र आईचा होता. आज महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. अनेक गावांत बाया उत्तम कारभार करतात. पण काही गावांत नेमकं उलटं दिसतं. नाव बाईचं, सही बाईची, आणि निर्णय नवऱ्याचा किंवा दिराचा. तीनशे वर्षांपूर्वी नाव नसताना एका बाईने कारभार केला. आपल्याकडे कायद्याने नाव आलंय, तर कारभार दुसऱ्याच्या हाती का द्यायचा?

म्हणून पुढच्या बैठकीत कादंबरीतलं एक प्रकरण वाचा आणि तीन गोष्टींवर बोला. यातलं ताडून बघता येईल असं काय आहे? लेखकाने मनाने काय भरलं आहे? आणि या प्रकरणात शेवटचा निर्णय कुणाचा होता? हा तिसरा प्रश्न गटाच्या ठरावाच्या वहीलाही लावा. सही करण्याआधी ठराव वाचून घ्या, कळला नाही तर विचारा, पटला नाही तर तसं लिहायला सांगा.